दुरुस्ती की नवी खरेदी?

जळगावच्या गोलाणी मार्केटमधील मोबाईल दुरुस्तीच्या एखाद्या दुकानासमोर किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील तशाच एखाद्या काउंटरपाशी घटकाभर उभे राहिले, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानी पडतो : ''भाऊ, हा दुरुस्त होईल का, की नवाच घेऊ?'' विचारणारा कधी रावेर-यावलकडचा केळी उत्पादक असतो, कधी साक्री-शिरपूरकडून आलेला प्राथमिक शिक्षक, कधी कचेरीतील कारकून, तर कधी वसतिगृहात राहून शिकणारा विद्यार्थी. दुकानदार फोन उलटसुलट करून पाहतो आणि एक आकडा सांगतो. त्यानंतर जी क्षणभर शांतता पसरते, तिच्यात एका घरच्या महिन्याचा सगळा जमाखर्च मांडलेला असतो. फी भरायची आहे, किराणा भरायचा आहे, बियाण्याची उधारी फेडायची आहे. आणि त्यातच हे खर्चाचे नवे कलम उपटलेले असते.

प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. वर्तमानपत्राच्या या पानावर चर्चा व्हावी एवढा तो मोठा नाही, असेही कोणी म्हणेल. परंतु सामान्य माणसाच्या आयुष्यातील अनेक मोठे प्रश्न असे किरकोळ रूप घेऊनच त्याच्या दाराशी येतात. फुटलेल्या मोबाईलचे काय करावे, या प्रश्नात घरगुती अर्थव्यवहार आहे, उत्पादक आणि ग्राहक यांच्यातील बळाचा तोल आहे, शासनाची जबाबदारी आहे आणि समाजाने वस्तूंशी कोणत्या वृत्तीने वागावे हा संस्कृतीचा प्रश्नही आहे.

भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळी मोबाईल ही श्रीमंतीची खूण होती. आज ती स्थिती उरलेली नाही. २०१६ मध्ये 'यूपीआय' आल्यापासून चहाच्या टपरीपासून सराफी पेढीपर्यंतचे व्यवहार फोनवरून होऊ लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरील पिकाची नोंद मोबाईलशी जोडली. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेचा सांकेतिक क्रमांक, शाळेची ऑनलाईन माहिती हे सारे त्याच हातभर अंतरावरच्या काचेतून येते. ज्याचा रेडिओ बिघडे, त्याचे गाणे बंद पडे. ज्याचा मोबाईल बिघडतो, त्याचे व्यवहारच बंद पडतात. म्हणूनच हा निर्णय मनुष्य शांतपणे विचार करून घेऊ शकत नाही. तो घाईत आणि बहुधा दुसऱ्याच्या सल्ल्याने घेतो. घाईत घेतलेल्या निर्णयाचा लाभ विकणाऱ्याला होतो.

हिशेब कसा मांडावा

भावनेला बाजूला ठेवून प्रथम हिशेब पाहावा. मोबाईलमधील सगळे बिघाड एका जातीचे नसतात. चार्जिंग होत नाही म्हणून 'डेड' ठरविलेल्या फोनच्या चार्जिंग पिनमध्ये पुष्कळदा केवळ कापूस आणि धूळ साठलेली असते. पिन खरोखरच झिजली असेल, तर ती बदलण्याचे कामही साधे असते. बॅटरीची गोष्ट याहून वेगळी. लिथियम-आयन बॅटरी ही रासायनिक वस्तू आहे. काही शे वेळा भरल्या-उतरल्यावर तिची धारणशक्ती घटणारच. तो बिघाड नव्हे, ते वार्धक्य आहे. आणि एका अवयवाच्या वार्धक्यासाठी सबंध देह टाकून देण्याचे कारण नाही. मात्र बॅटरी फुगली असेल, तर फोन ताबडतोब वापरातून काढला पाहिजे, कारण तेथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा असतो.

या बाबतीत खान्देशचे दुःख आणखी निराळे आहे. अनेक उत्पादक आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णता ही बॅटरीची सर्वांत मोठी वैरीण. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकीत, शेताच्या बांधावर किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला फोन थंड हवेतील फोनपेक्षा लवकर म्हातारा होतो. म्हणजे परदेशातील किंवा बंगळुरूतील हवामान गृहीत धरून केलेले आयुर्मानाचे दावे येथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

तिसरा आणि सर्वांत खर्चिक बिघाड डिस्प्लेचा. अनेकांना असे वाटते की, वरची काच फुटली आहे तर काचेचेच पैसे लागतील. परंतु आजच्या बहुतेक फोनांत वरची काच, स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र उमटविणारा थर हे तिन्ही एकमेकांना चिकटवून एकच भाग केलेला असतो. दुकानदार त्यालाच 'फोल्डर' म्हणतात. त्यामुळे काचेला तडा गेला तरी किंमत सबंध फोल्डरची द्यावी लागते. चौथा बिघाड मदरबोर्डचा. पाण्यात पडलेला किंवा आतून गंजलेला बोर्ड दुरुस्त होतोच असे नाही. झाला तरी तो किती दिवस टिकेल हे कुशल कारागीरही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवावा, ही समजूतही आता टाकून द्यायला हवी. तांदूळ आतले पाणी ओढून घेत नाही. उलट त्याची पूड फोनमध्ये शिरते आणि मोलाचा वेळ वाया जातो. फोन लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि शक्य तितक्या लवकर कारागिराकडे न्यावा, हेच योग्य.

आता आकडे. समजा, नवा फोन १५ हजार रुपयांचा आहे आणि तो चार वर्षे चालेल. म्हणजे त्याचा महिन्याचा खर्च सुमारे ३१२ रुपये पडला. जुन्या फोनचा डिस्प्ले तीन हजारांत बदलून तो आणखी दीड वर्ष चालणार असेल, तर महिन्याला सुमारे १६७ रुपये पडतात. दुरुस्ती निःसंशय स्वस्त. उलट बोर्डाच्या कामाला सहा हजार लागणार आणि त्यानंतर जेमतेम एक वर्षाची आशा असेल, तर महिन्याला ५०० रुपये पडतात. तेथे नवा फोन घेणेच शहाणपणाचे. 'दुरुस्तीला किती लागतील' एवढाच प्रश्न विचारणे अपुरे असते. 'त्या पैशांत किती महिने मिळतील' हा प्रश्न त्याच्या जोडीला विचारलाच पाहिजे. नवा फोन हप्त्यांवर घ्यायचा असेल, तर व्याज, प्रक्रिया शुल्क आणि जुन्या फोनला एक्स्चेंजमध्ये मिळणारी नाममात्र रक्कम हीही त्याच कागदावर लिहावीत. 'बिनव्याजी' म्हणून सांगितलेल्या हप्त्याचे व्याज पुष्कळदा न मिळालेल्या सवलतीच्या रूपाने आधीच वसूल झालेले असते.

दुरुस्तीचा आग्रह आंधळा असू नये, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्या फोनला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झाले आहे, त्याचे बाह्यांग कितीही धडधाकट असले तरी त्यावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. अशा फोनवर मोठा खर्च करणे म्हणजे कुलूप मोडलेल्या घराला रंग देण्यासारखे आहे. तो फोन घरात गाणी ऐकायला किंवा मुलांच्या शब्दकोशापुरता ठेवावा. व्यवहारासाठी दुसरा घ्यावा. जुना फोन विकत घेणाऱ्यांनीही एक खबरदारी घ्यावी. फोनचा पंधरा अंकी क्रमांक, म्हणजे आयएमईआय, दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या सेवेवर तपासता येतो. चोरीचा फोन स्वस्तात घेऊन पुढे पोलिसांच्या चौकशीला तोंड देण्यात कोणतीच काटकसर नाही. हा क्रमांक बदलणे हा तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यान्वये गंभीर गुन्हा आहे.

निवड खरोखर मोकळी आहे काय?

इथवरचा विचार ग्राहकाच्या शहाणपणाचा झाला. परंतु सगळा भार त्याच्या शहाणपणावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. कारण दुरुस्ती महाग का पडते, याचे उत्तर काउंटरवर सापडत नाही. ते फोन जेथे आखला जातो तेथे सापडते. पूर्वीच्या साध्या फोनची पाठ नखाने उघडत असे आणि बॅटरी कोणालाही बदलता येत असे. आता पाठ डिंकाने चिकटवलेली असते आणि बॅटरी आत बंदिस्त असते. काही उत्पादक तर सुट्या भागांना सांकेतिक क्रमांक देऊन ते विशिष्ट फोनशी बांधून टाकतात. मग भाग अस्सल असला तरी कंपनीच्या परवानगीवाचून तो नीट चालत नाही. सडपातळ बांधा, पाण्यापासून संरक्षण, सुरक्षितता ही यामागची कारणे म्हणून सांगितली जातात आणि त्यांत तथ्य नाही असेही नाही. पण त्या सगळ्याचा एकत्रित परिणाम असा की, वस्तू ग्राहकाने विकत घेतलेली असली तरी तिची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात राहते.

हा संशय निव्वळ कल्पनेचा खेळ नाही. सॉफ्टवेअरच्या सुधारणांमुळे जुने फोन मंदावले, या कारणावरून इटलीच्या स्पर्धा नियंत्रकांनी २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. फ्रान्समध्ये २०२० साली ॲपलला याच स्वरूपाच्या प्रकरणात अडीच कोटी युरो मोजावे लागले. ग्राहकांना पुरेशी पूर्वसूचना दिली नाही, हा तेथे आक्षेप होता. आपल्या देशातही हे तत्त्व अपरिचित नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार उत्पादकांना अडीच हजार कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना मिळू न देणे हा त्यांचा अपराध होता. मोटारीच्या बाबतीत जे अन्यायाचे ठरले, ते मोबाईलच्या बाबतीत न्यायाचे कसे होईल, हा प्रश्न कोणीही विचारावा.

एका लाख फोनांची गोष्ट

महाराष्ट्राने या प्रश्नाचा एक मोठा धडा प्रत्यक्ष अनुभवला आहे, आणि तो शासनाच्याच दारात. पोषण अभियानासाठी २०१९ च्या सुमारास राज्यातील अंगणवाडी सेविकांना सुमारे एक लाख फोन देण्यात आले. बालकांची वजने, लाभार्थ्यांची नोंद, आहाराचा हिशेब हे सारे त्या फोनवरून भरायचे होते. फोनची क्षमता दोन जीबी रॅमची. माहिती भरण्याचे ॲप पुढे बदलले आणि अधिक वजनदार झाले. फोन मात्र तोच राहिला. तो तापू लागला, मध्येच बंद पडू लागला. हमीची मुदत संपली. दुरुस्तीचा खर्च काही हजारांत जाऊ लागला आणि तो सेविकांनीच सोसावा, अशी वेळ आली. त्या वेळी सेविकेचे मानधन महिना ८ हजार ३२५ रुपये होते. शिवाय ॲप इंग्रजीत होते. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी राज्यभर फोन परत करण्याचे आंदोलन सुरू केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या फोनची मागणी पुढे होती आणि ती मान्य करण्याचे आश्वासन शासनाला द्यावे लागले.

या प्रकरणाकडे केवळ कर्मचाऱ्यांचा एक लढा म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्यातून तीन गोष्टी निर्विवाद सिद्ध होतात. पहिली, वस्तू खरेदी करताना जो केवळ खरेदीची किंमत पाहतो आणि पुढील चार वर्षांच्या दुरुस्तीचा विचार करीत नाही, तो स्वस्तात घेऊन महागात पडतो. दुसरी, फोन पुष्कळदा मोडून निकामी होत नाही. त्याच्यावर लादलेले ॲप त्याला निकामी करते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, काम ज्याचे त्याने साधनाचा खर्च सोसला पाहिजे. कचेरीत टंकयंत्र मोडले तर ते दुरुस्त करण्याचे पैसे कारकुनाच्या पगारातून कापल्याचे कधी ऐकिवात नव्हते. मग शिक्षकाच्या, ग्रामसेवकाच्या, आशा आणि अंगणवाडी कार्यकर्तीच्या स्वतःच्या फोनवर सरकारी कामाचे एकेक ॲप चढवायचे आणि फोन थकला की त्याने नवा घ्यावा असे गृहीत धरायचे, यात न्याय कुठला? खान्देशातील किती शिक्षक निव्वळ शाळेची माहिती भरता यावी म्हणून फोन बदलतात, याची मोजदाद कोणत्याही कचेरीत ठेवली जात नाही. ती ठेवली जात नाही म्हणूनच हा खर्च अदृश्य राहतो.

कायदा कुठवर आला?

केंद्र सरकारने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरवली आहे, असे म्हणता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू झाले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या 'दुरुस्तीयोग्यता निर्देशांका'साठी दुसरी समिती नेमली गेली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फोन किती सहज उघडतो, सुटे भाग मिळतात की नाही, किती दिवसांत आणि किती किमतीत मिळतात, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे काय, यावरून फोनला गुण द्यावेत आणि ते ग्राहकाला खरेदीच्या वेळीच दिसावेत, ही त्यामागची कल्पना.

कल्पना उत्तम आहे. पण गुण उत्पादकाने स्वतःच स्वतःला द्यावयाचे, हा तिचा कच्चा दुवा आहे. शिक्षक वाचकांना याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. विद्यार्थ्यानेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावयाची असेल, तर निदान फेरतपासणीची सोय हवी. खोटे गुण दिल्यास शिक्षा हवी. आणि निर्देशांक भारताचा असेल, तर त्यात भारताचे हवामानही उमटले पाहिजे. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरी किती वर्षे टिकते, हा निकष पॅरिसला महत्त्वाचा नसेल. भुसावळला तो फार महत्त्वाचा आहे.

युरोपाने या दिशेने अधिक निश्चयाने पावले टाकली आहेत. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासूनच दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनांच्या बाबतीत, विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरवावेत आणि कार्यप्रणालीच्या सुधारणा किमान पाच वर्षे द्याव्यात, असे बंधन आले. ८०० वेळा चार्ज केल्यानंतरही बॅटरीत ८० टक्के क्षमता शिल्लक असावी, अशीही अट आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्याने सुटे भाग विशिष्ट फोनशी बांधून टाकण्याच्या प्रथेवर बंदी घातली. हेच उत्पादक भारतातही फोन विकतात. जी सोय ते पॅरिसच्या ग्राहकाला देऊ शकतात, ती पारोळ्याच्या ग्राहकाला देता येत नाही, हे पटण्यासारखे नाही.

कराचाही विचार झाला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये मोबाईलवरील वस्तू व सेवा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक वस्तूंचे दर उतरले तेव्हाही मोबाईल १८ टक्क्यांतच राहिला. दुरुस्तीच्या सेवेवरही तोच दर आहे. म्हणजे वस्तू टाकून नवी घेणारा आणि जुनी वस्तू जपणारा यांच्यात कर कोणताच भेद करीत नाही. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, पादत्राणे आणि कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर निम्म्याहून कमी केला होता. ऑस्ट्रियाने २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत सरकारने उचलण्याची योजना आखली. तेवढी श्रीमंती आपल्याकडे नसेल. पण सुटे भाग आणि दुरुस्ती यांवरील कर उतरविण्यास श्रीमंती लागत नाही.

कारागिराची बाजू

या सर्व चर्चेत काउंटरच्या पलीकडील माणूस विसरता कामा नये. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या तारा जोडणारा हा तरुण बहुधा कोणत्याही महाविद्यालयात हे शिकलेला नसतो. तो दुसऱ्या कारागिराच्या हाताखाली बसून शिकलेला असतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गांवगाडा'त सुतार-लोहारांसह ज्या बलुतेदारांचे वर्णन केले, त्यांच्या कौशल्याचा हा आजचा वारसदार म्हटला पाहिजे. फरक एवढाच की त्याला ना बलुते आहे, ना कंपनीचे प्रमाणपत्र, ना सुट्या भागांचा खात्रीचा पुरवठा. अस्सल भाग मिळत नाही म्हणून तो नकली लावतो, आणि नकली लावला म्हणून ग्राहकाचा विश्वास गमावतो. या दुष्टचक्राचे खापर एकट्या त्याच्या माथी फोडणे सोपे आहे, पण योग्य नाही.

तरीही या व्यवसायाने आपले घर नीट करण्याची गरज आहे. लावलेला भाग अस्सल की नकली हे पावतीवर लिहून देणे, काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती देणे, निदान तीन महिन्यांची हमी देणे आणि ग्राहकाच्या छायाचित्रांना व खासगी माहितीला हात न लावणे, एवढी शिस्त या दुकानांनी आपण होऊन पाळली, तर नव्या फोनच्या झगमगाटासमोरही त्यांचा धंदा ताठ उभा राहील. ग्राहकानेही पावती मागितली पाहिजे. पावती मागणे हा अविश्वास नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क लागत नाही, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनही आहे. पण कागद नसेल तर कोणतेही दार उघडत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, तेव्हाही ग्राहकाने जागे व्हावे हाच तिचा पहिला धडा होता. तो अजून पुरता गिरवून झालेला नाही.

टाकलेला फोन जातो कुठे?

नवा फोन घेतल्यावर जुना बहुधा कपाटाच्या खणात जातो आणि काही वर्षांनी भंगारात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाली. असा कचरा निर्माण करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. या कचऱ्यात शिसे आहे, तसेच सोनेही आहे. सुवर्णनगरी म्हणून मिरविणाऱ्या जळगावकरांना हे ऐकून नवल वाटेल की, एक टन खनिजातून जेवढे सोने निघते, त्याहून कितीतरी अधिक सोने एक टन जुन्या मोबाईलांत असते. टोकियो ऑलिंपिकसाठी जपानने नागरिकांकडून ६२ लाखांहून अधिक जुने मोबाईल आणि इतर उपकरणे गोळा केली आणि त्यांतून मिळालेल्या धातूंची सुमारे पाच हजार पदके घडविली. आपल्याकडे २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची टक्केवारी बंधनकारक केली आहे. परंतु जळगाव किंवा धुळ्यातील सामान्य नागरिकाला आपला मृत फोन नेमका कोठे द्यावा हे ठाऊक नसेल, तर नियम राजपत्रात जिवंत राहतो आणि व्यवहारात मरतो. महापालिकांनी प्रभागवार संकलनाची सोय करणे आणि शाळा-महाविद्यालयांनी तिला हातभार लावणे, हे अवघड काम नाही.

दुरुस्ती ही दरिद्री माणसाची नाइलाजाची सवय आहे, असा एक समज अलीकडे रुजत चालला आहे. खान्देशचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. पांझरेसारख्या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती ही जगातल्या जलव्यवस्थापनाच्या अभ्यासकांना आकर्षून घेणारी व्यवस्था आहे. तिचे सामर्थ्य केवळ बंधारे बांधण्यात नव्हते. पाणी वापरणाऱ्या सर्वांनी मिळून दरवर्षी पाट साफ करावेत, पडझड दुरुस्त करावी, पाटकऱ्याने पाणी वाटावे, आणि ज्याचा वाटा त्याचे श्रम, या शिस्तीवर ती टिकली. बंधारा बांधणाऱ्याचे नाव लोक विसरले; पण तो दरवर्षी दुरुस्त करण्याचा रिवाज विसरले नाहीत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शेते भिजत राहिली. दुरुस्ती ही तेथे सार्वजनिक जबाबदारी होती, आणि तिच्यासाठी नियम होते, माणसे नेमलेली होती.

मोबाईलच्या बाबतीत नेमके हेच हरवले आहे. उत्पादक सुटे भाग देत नाही, शासन सक्ती करीत नाही, कारागीर पावती देत नाही आणि ग्राहक विचारीत नाही. या चौघांपैकी प्रत्येकाने आपल्या वाट्याचा पाट साफ केला, तर काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या साध्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळेल. फोन दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हे त्याने खुशाल ठरवावे. पण तो निर्णय त्याचा असावा, डिंकाने चिकटवलेल्या पाठीचा किंवा हप्त्याच्या जाहिरातीचा नसावा. आणि ज्यांच्या हातात सरकारी कामासाठी फोन दिला जातो, त्यांच्यावर तर हा प्रश्न पडण्याची वेळच येऊ नये. ते उत्तर देण्याचे काम ज्याने काम सोपविले त्याचे आहे.